सावित्रीचा पूल १६५ दिवसांत झाला, मग रस्ता का होत नाही?

गणपतीच्या आदल्या रात्री पनवेल सोडलं की घरून फोन सुरू होतात. "कुठवर पोचलात?" वडखळ म्हटलं की आई नुसतं "बरं" म्हणते, कारण वडखळपर्यंत येणं म्हणजे अजून काहीच नाही हे तिला माहीत आहे. कोलाड म्हटलं तरी तसंच. माणगाव ओलांडलं असं सांगितलं की मात्र ती उठते आणि तांदूळ धुवायला घेते. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. पनवेलपासून जेमतेम अडीचशे किलोमीटर. हे अंतर मी गेल्या काही वर्षांत सात तासांत कापलं आहे आणि सोळा तासांतही. एका वर्षी तर मूर्तीची प्रतिष्ठापना झाली तेव्हा मी घरचा कर्ता मुलगा असूनही चिपळूणच्या अलीकडे एसटीत उभा होतो.

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल प्रत्येक चाकरमान्याकडे अशा दहा गोष्टी असतात. त्या सांगून आता कंटाळा आला आहे. मला त्यापेक्षा एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्यापासून सुरू झालं. पुढे इंदापूर ते सिंधुदुर्गातलं झाराप हा लांबलचक भाग दहा तुकड्यांत वाटून दिला गेला. काम सुरू झालं त्या पावसाळ्यात आमच्या परसात लावलेली हापूसची कलमं आता कित्येक वर्षं आंबा देत आहेत. रस्ता मात्र चौदा वर्षं उलटली तरी सलग झाला नाही. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या, न्यायालयाने फटकारलं, सरकारने तारखा दिल्या, त्या तारखा गेल्या, नव्या तारखा आल्या. हे असं का झालं?

विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. कोकणात पाऊस फार. डोंगर फार. माती भुसभुशीत, दरडी कोसळतात. जमिनीचे तुकडे लहान, मालक अनेक. यातलं एकही खोटं नाही. पण याच डोंगरांतून, याच मातीतून, याच मालकांच्या जमिनीतून एक काम आधीच होऊन गेलं आहे, आणि ते रस्त्यापेक्षा कितीतरी अवघड होतं.

कोकणात रेल्वे यावी म्हणून अ. ब. वालावलकरांसारख्या माणसांनी आयुष्य वेचलं, बॅ. नाथ पैंनी संसदेत आवाज उठवला. तरी रूळ रोह्यापर्यंत येऊन थांबले होते. १९९० मध्ये जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. उरलेला पैसा रोखे विकून उभा केला. प्रमुख म्हणून ई. श्रीधरन आले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे, अठराशेहून अधिक लहानमोठे पूल. करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब. रत्नागिरीजवळच्या पानवलच्या पुलाचे खांब ६४ मीटर उंच. जानेवारी १९९८ मध्ये सगळ्या मार्गावरून गाडी धावली. म्हणजे साडेसात वर्षं.

हे आकडे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जातात आणि तिथेच विषय संपतो. मला त्यातला कंटाळवाणा वाटणारा भाग महत्त्वाचा वाटतो. श्रीधरन यांनी मार्गाचे सात विभाग पाडले: महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार, उडुपी. प्रत्येक विभाग साधारण शंभर किलोमीटरचा, त्यावर एक मुख्य अभियंता, आणि निर्णय घेण्याचे अधिकार त्याच्या हातात. कामाचे तुकडे तिथेही होते, कंत्राटदार तिथेही अनेक होते. पण सातही अभियंते एकाच माणसाला उत्तर देत होते, आणि तो माणूस पूर्ण मार्गाला बांधील होता. एखाद्या विभागात काम अडलं तर तो 'त्या विभागाचा प्रश्न' राहत नव्हता, कारण मधले पाच किलोमीटर राहिले तर गाडीच धावणार नव्हती. रेल्वेचं हे एक बरं असतं. ती अर्धवट असली तर नसल्यातच जमा. रस्ता अर्धवट असला तरी त्याच्यावरून गाड्या जात राहतात, हाल होत होत का होईना. म्हणून तो अर्धवट ठेवता येतो.

जमिनीचं म्हणाल तर कोकण रेल्वेला चाळीस हजारांहून अधिक मालकांकडून जमीन घ्यावी लागली. कोकणातला सातबारा ज्याने पाहिला आहे त्याला याचा अर्थ कळेल. पाच गुंठ्यांवर पंचवीस नावं, त्यातली निम्मी लालबाग-परळला, चार वारलेली आणि वारसनोंद झालेली नाही, एक बडोद्याला. तरीही जमीन मिळाली. लोकांना रेल्वे हवी होती हे एक कारण. पण महामंडळाची माणसं गावोगाव गेली, मोबदला लवकर हातात पडला, हे दुसरं कारण. गोव्यात तर मार्गालाच कडाडून विरोध झाला. खाजण जमिनी, जुनी मंदिरं-चर्च, किनाऱ्याजवळची दाट वस्ती यांवरून आंदोलनं झाली, केंद्राला न्या. ओझा समिती नेमावी लागली, काम थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. विरोध नव्हता म्हणून रेल्वे झाली असं कोणी म्हणू नये.

कोकण रेल्वेची आरती करावी असा माझा हेतू नाही. बांधकामात किती तरी कामगारांचे जीव गेले. पेडण्याचा बोगदा मऊ मातीमुळे पुन्हा पुन्हा ढासळला. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दगडमातीवर गाडी आदळून पन्नासच्या आसपास माणसं गेली, पुढच्याच पावसाळ्यात महाडजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस पुलावरून खाली गेली. कापलेल्या डोंगरांचे उतार फार उभे ठेवले होते, ही टीका तेव्हा झाली आणि ती योग्य होती. पण त्यानंतर काय झालं तेही पाहावं. उतार मोडून सपाट केले गेले, लोखंडी जाळ्या लागल्या, पावसाळ्यात गाड्यांचा वेग उतरवणारं वेगळं वेळापत्रक आलं, रात्री रुळांवर गस्त घालणारी माणसं वाढली. चूक एका संस्थेच्या पदरात पडली म्हणून ती त्या संस्थेने निस्तरली. रस्त्यावर दरड कोसळते तेव्हा ती कोणाच्या पदरात पडते?

आता रस्त्याकडे येऊ. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी बस आणि एक खासगी गाडी नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसं. मृतदेह समुद्राच्या तोंडापर्यंत शोधावे लागले. त्या रात्री पूल नाही हे मागून येणाऱ्या गाड्यांना कळायला कोणताही मार्ग नव्हता. पूर्ण महाराष्ट्र हादरला, केंद्रीय मंत्र्यांनी सहा महिन्यांत नवा पूल बांधण्याचा शब्द दिला, आणि काम सुरू झाल्यापासून १६५ दिवसांत नवा पूल उभा राहिला. ५ जून २०१७ ला तो वाहतुकीला खुला झाला.

हा पूल मला आजही अस्वस्थ करतो. कारण तो कोकणातच आहे, त्याच महामार्गावर आहे, त्याच नदीवर आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना रस्ता वर्षानुवर्षं रखडला आणि मधला पूल साडेपाच महिन्यांत झाला. त्या १६५ दिवसांत पाऊस, माती, पैसा, परवानग्या यांतलं काहीही बदललं नव्हतं. बदललं एवढंच की एका माणसाने तारीख जाहीर केली होती आणि ती तारीख सगळ्यांच्या लक्षात होती.

डोंगराचं कारण सांगणाऱ्यांनी समृद्धी महामार्गही पाहावा. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. २०१८ च्या डिसेंबरात भूमिपूजन, २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी खुला, जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही. त्या शेवटच्या टप्प्यात सह्याद्रीच आहे, आणि त्याच्या पोटात जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे. समृद्धीवरचे अपघात, शेतकऱ्यांच्या तक्रारी, तो सगळा वेगळा विषय आहे आणि गंभीर आहे. पण राज्याला डोंगर फोडून रस्ता करता येत नाही, हे आता कोणी सांगू नये.

माझ्या मते खरा फरक नव्या आणि जुन्या रस्त्यात आहे. मोकळ्या जमिनीवरून नवा रस्ता आखला की तो नकाशावर एका रेघेत दिसतो, त्याला नाव मिळतं, एक महामंडळ मिळतं, एक टोलची रक्कम मिळते. जुना रस्ता रुंद करायचा तर वाहतूक चालू ठेवून करावा लागतो. बाजूला दुकानं, घरं, वडाची झाडं, एसटीचे थांबे, शाळा, देवळं. प्रत्येक बाजारपेठेत वेगळा वाद. हे काम किचकट आहे आणि त्यात नाव मिळत नाही. म्हणून ते पनवेल-इंदापूर एका यंत्रणेकडे, त्यापुढचं दुसऱ्या यंत्रणेकडे, आणि त्यातही तुकड्या-तुकड्यांनी निरनिराळ्या कंत्राटदारांकडे गेलं. सिंधुदुर्गातले तुकडे बऱ्यापैकी लवकर झाले. आरवली ते वाकेड दरम्यानचे तुकडे वर्षानुवर्षं तसेच पडले. पहिल्या टप्प्यात पैशाअभावी काम थांबलं, कंत्राटदार बदलले. कंत्राटदार बदलला की अंदाजपत्रक नव्याने, निविदा नव्याने, आणि मधे एक पावसाळा वाया. कोकणात काम करायला वर्षाचे फार तर आठ महिने मिळतात. एक निविदा चार महिने लांबली तर पूर्ण वर्ष जातं.

आणि अर्धवट रस्ता जुन्या रस्त्याहून जास्त धोक्याचा असतो, हे मंत्रालयात बसून कळत नाही. जुना दुपदरी रस्ता वाईट होता, पण ड्रायव्हरला तो पाठ होता. आता नव्या काँक्रीटवर गाडी ऐंशीने पळते आणि अचानक पुढे डायव्हर्जन येतं, पत्र्याचा एक तुकडा, रिफ्लेक्टर नाही, एका बाजूला दीड फुटाची पायरी आणि तिच्याखाली चिखल. पुन्हा दुपदरी, मग पुन्हा चौपदरी, मग पुन्हा खड्डे. ऑक्टोबर २०२३ मध्ये चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर उभारणी चालू असलेला उड्डाणपूलच कोसळला. सुदैवाने त्या वेळी खाली कोणी चिरडलं गेलं नाही. परशुराम घाटात दरड आली की पूर्ण जिल्ह्याची वाट बंद. देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसं मेली, त्यातली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात. या आकड्यांत अर्धवट कामांचा वाटा किती हे कोणी वेगळं मोजत नाही. ते मोजलं जावं असं मला फार वाटतं.

हे असं असताना पुढचे रस्ते आखून तयार आहेत. रेवस ते रेडी सागरी महामार्ग. पेणजवळून पत्रादेवीला जाणारा कोकण द्रुतगती महामार्ग. आणि विदर्भातून निघून बारा जिल्हे ओलांडत गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला पोचणारा शक्तिपीठ महामार्ग, मूळ आराखड्यात सुमारे ८०२ किलोमीटर आणि ८६ हजार कोटींच्या घरात. कोल्हापूर-सांगलीचे शेतकरी त्याच्या विरोधात रस्त्यावर उतरले, कारण त्यांची बागायती जमीन जाते. पत्रादेवी हे नाव या यादीत पुन्हा पुन्हा येतं. मुंबईहून पत्रादेवीला जायला जो एक रस्ता आधीच आहे तो पूर्ण झालेला नाही, आणि तिथे पोचणारे आणखी रस्ते कागदावर धावत आहेत.

माझा नव्या रस्त्यांना सरसकट विरोध नाही. सागरी महामार्गावरचे खाड्यांवरचे पूल तर किनाऱ्याच्या गावांना खरोखर हवे आहेत. बाणकोट-दाभोळच्या खाड्यांवर फेरीबोटीची वाट पाहणाऱ्या माणसाला विचारा. पण सरकारचे अभियंते मोजके, भूसंपादनाचे अधिकारी मोजके, प्रांत कार्यालयातले टेबल तेवढेच. नवा प्रकल्प आला की हीच माणसं तिकडे वळतात आणि जुन्या कामाची फाइल खाली जाते. पैसा उभा करता येतो, कर्ज काढता येतं. लक्ष मात्र उसनं आणता येत नाही.

रेल्वेचंही तेच झालं आहे, आणि इथे मला रस्त्याहून जास्त वाईट वाटतं. १९५१ साली देशात ५३ हजार ५९६ किलोमीटर लोहमार्ग होता, आज तो ६९ हजारांच्या आसपास आहे. राष्ट्रीय महामार्ग तेवढ्या काळात कित्येक पटींनी वाढले. मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा एकेकाळी पाऊणहून अधिक होता, तो आता तिसऱ्या हिश्शाच्याही खाली आला आहे. याचा अर्थ कोकणात असा होतो की महामार्गावर चाकरमान्यांच्या पुढे-मागे चौदा चाकी ट्रक असतात आणि दरीच्या पलीकडे एकेरी रुळावर क्रॉसिंगसाठी गाडी उभी असते. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, ही मोठी गोष्ट आहे. पण दुपदरीकरण रोहा ते वीर या ४६ किलोमीटरवरच थांबलं. पुढची सगळी लाइन एकेरी. केरळकडे जाणाऱ्या वेगवान गाडीला वाट द्यायला आमची गाडी एखाद्या छोट्या स्टेशनावर पाऊण-पाऊण तास थांबते, लोक खाली उतरून चहा पितात, पुन्हा चढतात.

याच कोकण रेल्वेने १९९९ मध्ये भरलेले ट्रक वॅगनवर चढवून कोलाड ते गोव्यातलं वेर्णा नेण्याची रो-रो सेवा सुरू केली होती. म्हणजे रस्त्यावरचा भार रुळावर घ्यायचा विचार आपल्याकडे पंचवीस वर्षांपूर्वीच झालेला आहे. तो वाढवायचा तर दुसरी लाइन हवी. वैभववाडी-कोल्हापूर लाइन झाली तर घाटावरची साखर आणि कारखान्यांचा माल कोकणच्या बंदरांना रुळावरून उतरेल. तिला मंजुरी मिळून किती तरी वर्षं झाली. सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ मध्ये झालं, टर्मिनस अजून अर्धवट. आणि दादर-रत्नागिरी पॅसेंजर करोनानंतर दादरला येईनाशी झाली, ती दिव्याहूनच सुटते. परळच्या चाळीतली म्हातारी आता बोचकं घेऊन आधी लोकलच्या गर्दीतून दिव्याला जाते. ही लहान गोष्ट वाटेल. पण विस्तार म्हणजे काय, हे मी त्या म्हातारीच्या प्रवासावरून ठरवतो. नवी लाइन आली नाही तरी चालेल, असलेली गाडी दादरला आणा, असं ती सांगेल.

कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्राने २०२५ मध्ये संमती दिली. दुपदरीकरणाला लागणारा पैसा महामंडळाकडे नाही, केंद्राच्या अर्थसंकल्पातून तो येईल, हे कारण पटण्यासारखं आहे. माझ्या मनात भीती दुसरी आहे. विलीनीकरणानंतर हा मार्ग दोन-तीन झोनांत वाटला गेला तर पावसाळ्यात रात्री गस्त घालणाऱ्या माणसापासून अध्यक्षापर्यंत जी एक सलग साखळी आहे ती तुटेल. पैसा येईल आणि वाली जाईल, असा सौदा होऊ नये. विलीन करायचं तर रोह्यापासून ठोकूरपर्यंत एकच झोन करा आणि त्याचं मुख्यालय या मार्गावरच ठेवा. ही अट राज्याने संमती देतानाच लिहून घ्यायला हवी होती. अजूनही घेता येईल.

महामार्गाबाबत मागणी साधी आहे. पनवेल ते पत्रादेवी या सगळ्या रस्त्यासाठी एकच अधिकारी नेमा, दोन्ही यंत्रणांवर त्याचा अधिकार चालू द्या, आणि काम संपेपर्यंत त्याची बदली करू नका. प्रत्येक महिन्याला किती मीटर काम झालं, कुठे अडलं आणि कोणामुळे अडलं, हे मराठीत आणि गावाच्या नावानिशी छापा. कशेडीचा बोगदा झाल्यावर घाटातला पाऊण तास दहा मिनिटांवर आला. लोकांनी तो पाहिला आहे, म्हणून लोकांना माहीत आहे की हे होऊ शकतं. आणि हा रस्ता सलग होईपर्यंत पत्रादेवीला जाणाऱ्या दुसऱ्या कोणत्याही महामार्गाच्या भूसंपादनाला हात लावू नका.

आम्हा चाकरमान्यांनाही यात एक हिशोब द्यावा लागेल. दर गणपतीला मुंबईच्या वस्त्यांत राजकीय पक्ष फुकट बस सोडतात. मंडळात यादी लागते, नावं जातात, बसवर नेत्याचा फोटो असतो, आणि आम्ही त्याच बसमधून माणगावच्या रांगेत चार तास बसून गावाला जातो. उतरताना आभार मानतो. मीही मानले आहेत. यंदा यादी घेऊन कार्यकर्ता आला की नाव देण्याआधी त्याला विचारायचं मी ठरवलं आहे: माणगावचा बायपास कोणत्या महिन्यात होणार? त्याला उत्तर माहीत नसेल. त्याने ते वरून विचारून आणावं, आणि मंडळाच्या फळ्यावर, बसच्या वेळेखाली लिहावं.